धुराखालची सदर

मध्ययुगीन वेल्समधील एखाद्या पुत्राला मृत पित्याच्या जमिनीवर आपला हक्क सांगावयाचा झाला, तर न्यायासनापुढे केवळ शेतांच्या चतुःसीमा सांगून त्याचे भागत नसे; पित्याने जी आगटी रात्री राखेने झाकून ठेवली ती उघडण्याचा आपणांस अधिकार आहे, असे त्याला म्हणावे लागे, आणि कायद्याच्या पोथ्यांतून त्या दाव्याला आगटी उघडण्याचा दावा असेच म्हटलेले आढळते. दहाव्या शतकातील हवेल दा या राजाच्या नावावर मोडणाऱ्या, परंतु आज उपलब्ध असलेल्या प्रती पाहता तेराव्या शतकापासून पुढे लिहिल्या गेलेल्या या पोथ्या वडिलार्जित वतनाच्या वाटण्यांविषयी फार बारकाईने बोलतात. धाकट्या भावाने वाटे पाडावे आणि थोरल्यापासून क्रमाने प्रत्येकाने आपापला वाटा उचलावा, म्हणजे वाटे पाडणाऱ्याची नियत आपोआपच साफ राहील. बापाचे राहते घर मात्र, त्याच्या लगतची ठराविक जमीन, स्वयंपाकाचा हंडा, सरपणाची कुऱ्हाड आणि नांगराचे पाते यांसह धाकट्याकडेच जावे, असा त्यांचा दंडक आहे. भाऊबंदकीचा ज्यांना घरगुती परिचय आहे, अशा वाचकांना या दंडकातले शहाणपण उलगडून सांगण्याचे कारण नाही.

त्याच पोथ्यांत राजाच्या सभागृहाचेही मोल बांधून दिले आहे. ते सहा खांबांवर उभे असावे, आणि त्याची नासधूस करणाऱ्याने छताची किती व खांबामागे किती भरपाई द्यावी, हे तेथे ठरलेले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, आडव्या पडद्याने त्या एकाच दालनाचे वरचे आणि खालचे असे दोन भाग पाडलेले असून दरबारात आसनाचा मान असलेल्या चौदा पुरुषांपैकी दहा वरच्या भागात आणि चौघे खालच्या भागात बसावेत, असा निर्बंध आहे. वेल्सचे स्वतंत्र राजे 1282 साली संपले, 1284 च्या शासनपत्राने त्यांच्या मुलखात इंग्लंडच्या राजाचा अंमल रीतसर बसला, आणि त्या राजसभांपैकी एकही आज उभी नाही. परंतु राजा गेला तरी दालनाची मांडणी गेली नाही. पुढची अडीचशे वर्षे त्या देशातल्या लहानमोठ्या उमरावाने, आणि उमराव म्हणवून घेण्याची हौस असलेल्या सधन कुळाने, आपले घर बांधले ते याच नमुन्यावर. त्या घरांना आपण दालनघरे म्हणू. कारण दालन हेच त्यांचे सर्वस्व होते आणि उरलेल्या खोल्या त्याच्या दोन टोकांना चिकटवलेल्या असत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांना घरे म्हणण्यापेक्षा सदरा म्हणणेच अधिक रास्त ठरेल. माणसे तेथे निजत आणि जेवत हे खरे. पण त्या वास्तूचा प्रत्येक खण मालकाचा दर्जा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरावा, या एकाच हेतूने योजलेला होता.

ही परंपरा चौदाव्या शतकात कशी होती, याची साक्ष आज वास्तूंपेक्षा कवींकडेच अधिक सापडते. ओवाइन ग्लिनदूर याच्या सिखार्थ येथील वाड्याचे वर्णन योलो गोख या भाटकवीने त्या शतकाच्या अखेरीस केले असून त्यात लाकडी कैच्यांचे, कौलारू छपराचे आणि धूर न कोंडू देणाऱ्या धुराड्याचे कौतुक आहे. या कौतुकावरूनच अशा गोष्टी किती दुर्मिळ होत्या हे कळते. ग्लिनदूरने 1400 साली इंग्रजी अंमलाविरुद्ध बंडाचा झेंडा उभारला आणि 1403 च्या वसंतात युवराज हेन्रीने, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीने, सिखार्थ जाळून टाकले. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात तेथील टेकाडावर उत्खनन झाले, तेव्हा लाकडी दालनाच्या पायाखुणा आणि जळिताचे अवशेष हाती लागले. कवीचे म्हणणे अतिशयोक्तीचे असेल असे मानणाऱ्यांना थोडे दबकून बोलावे लागले.

बंडाने केवळ सिखार्थच नव्हे, तर त्याच्या पिढीतली बहुतेक लाकडी वास्तुसृष्टी नाहीशी केली असावी, असे मानण्यास आधार आहे. ओकचे लाकूड तोडल्याबरोबर, ओले असतानाच तासून वापरण्याची तेथील सुतारांची रीत होती, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही; म्हणून तुळईची सालीखालच्या शेवटच्या वलयापर्यंतची वार्षिक वलये मोजून झाड कोणत्या वर्षी पडले हे ठरवता आले, की घर कधी उभे राहिले हेही बहुधा ठरते. या परीक्षेतून निघालेल्या तारखा एकत्र मांडल्या असता एक विलक्षण चित्र दिसते. वक्र खांबांच्या कैच्यांवर उभारलेल्या वेल्समधील कालनिश्चित घरांत अगदी आधीचे म्हणून ओळखले जाते ते एरवुडनजीकचे हावोद-अ-गारेग. त्याची झाडे 1402 साली तोडली गेली, म्हणजे ज्या वर्षी शेजारच्या रॅडनॉरशायरमध्ये पिलेथच्या लढाईत ग्लिनदूरच्या लोकांनी इंग्रजी फौजेचा धुव्वा उडवला, त्याच वर्षी. त्यानंतर सुमारे एका पिढीइतका काळ जवळजवळ काहीच नाही. आणि मग 1430 च्या सुमारापासून दालनघरांची जी रांग सुरू होते, ती सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खंडत नाही.

जो देश महामारीने आणि बंडाने इतका पोळून निघाला होता, त्याच्याजवळ अशा घरांसाठी पैसा आला कोठून? उत्तर कटू आहे, पण सरळ आहे. 1349 च्या महामारीने आणि तिच्या पुनरावृत्तींनी माणसे गेली आणि जमिनी ओस पडल्या. बंडात आणखी ओस पडल्या, कित्येक जप्त होऊन खालसा झाल्या. आणि जे वाचले, विशेषतः जे वेळीच शरण गेले, त्यांनी त्या स्वस्तात गोळा केल्या. वेल्सच्या कायद्यात वडिलार्जित जमीन कायमची विकता येत नसे, परंतु चार वर्षांच्या मुदतीने ती कबजेगहाण टाकता येई, आणि ती मुदत पुनःपुन्हा वाढवता येई. पैसेवाल्या शेजाऱ्याने चार-चार वर्षांच्या पायऱ्यांनी गरीब भाऊबंदांचे वाटे आपल्या ताब्यात घेतले, आणि समान वाटणीचा तो न्यायी दंडक कागदावर शाबूत असतानाच प्रत्यक्षात मोठमोठ्या जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या. त्यात गुराढोरांच्या व्यापाराचा पैसा मिळाला. दालनघराची भव्यता पाहताना मनात आदर उत्पन्न होतो; तो थोडा आवरून तिच्या पायाखाली कोणाकोणाच्या आगट्या विझल्या, याचाही विचार करणे उचित होय.

बॅंगॉर शहराच्या पूर्वेस, ओग्वेन नदीच्या काठी असलेले कोख्विलन हे या साऱ्या इतिहासाचे उत्तम उदाहरण आहे. तेथील घराणे एद्नेवेद वाखन याच्या वंशातले. हा एद्नेवेद तेराव्या शतकात थोरल्या ल्युवेलिन राजाचा प्रमुख कारभारी होता, 1246 साली तो वारला, आणि त्याच्या वंशजांना साऱ्याची माफी असलेल्या, केवळ युद्धप्रसंगी चाकरीची अट असलेल्या इनाम जमिनी लाभल्या. याच वंशाची एक शाखा अँगलसी बेटावरील पेनमिनिद येथे होती आणि तिच्यातून पुढे ट्यूडर राजे झाले. दुसऱ्या शाखेतला ग्विलिम ॲप ग्रिफिद हा पेनरिनचा धनी. ग्लिनदूरच्या बंडात तो सामील झाला खरा, पण 1405 साली त्याने शरणागती पत्करली, आणि थोड्याच काळात स्वतःच्या जमिनी तर त्याने परत मिळवल्याच, शिवाय जे बंडखोर शेवटपर्यंत हटून राहिले त्यांच्याही जप्त जमिनी त्याच्या पदरात पडल्या. पेनमिनिदच्या त्या भाऊबंदांच्या मिळकतीचा मोठा भागही त्यातच आला. त्याचा भाऊ रॉबिन कोख्विलनला नांदत होता. या रॉबिनचा नातू विल्यम ॲप ग्रिफिद याने पंधराव्या शतकाच्या मध्यास किंवा त्यानंतर लवकरच आज दिसणारे दालन उभारले, असे मानले जाते.

हा विल्यम 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर आपल्या दूरच्या भाऊबंदाच्या, हेन्री ट्यूडरच्या बाजूने लढला. हेन्री सातवा या नावाने राज्यावर बसल्यावर लवकरच त्याने विल्यमला कार्नार्वनशायरचे शेरीफपद तहहयात दिले. या सनदेचे महत्त्व ध्यानात यावयाचे तर मागचे कायदे आठवले पाहिजेत. बंडाच्या धुमाळीत 1401 व 1402 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने असे निर्बंध घातले होते, की वेल्शमनाने महत्त्वाचे राजकीय अधिकारपद धारण करू नये, इंग्रजी वसाहतीच्या गावांत जमीन घेऊ नये, आणि वेल्शमनाच्या फिर्यादीवरून इंग्रज मनुष्यास दोषी ठरवले जाऊ नये. असे निर्बंध दप्तरात जिवंत असताना एका वेल्शमनाच्या हाती जिल्ह्याची वसुली व फौजदारी जन्मभरासाठी सोपवली गेली होती. ज्या दालनात बसून त्याने हा कारभार केला असेल ते याच भाग्योदयाच्या अपेक्षेने बांधल्यासारखे वाटते. बांधले ते मात्र आधी.

कोख्विलनच्या भिंती दगडी आहेत आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्यांत विशेष काही आढळत नाही. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. तीन खणांच्या त्या दालनावरील छप्पर हॅमरबीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कैच्यांवर तोललेले आहे. या पद्धतीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड तुळई टाकीत नाहीत. दोन्ही भिंतींच्या माथ्यावरून आखूड तुळया आत काढतात, त्यांच्या टोकांवर उभे खांब चढवतात, खालून आणि वरून कमानदार हात देऊन ते बांधून घेतात, आणि छपराचा भार असा टप्प्याटप्प्याने भिंतीवर उतरवून मधली पोकळी आढ्यापर्यंत मोकळी ठेवतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलवर 1390 नंतरच्या दशकात, दुसऱ्या रिचर्डच्या आज्ञेने, या पद्धतीचे अजस्र छप्पर चढले होते, आणि तेव्हापासून ती राजवैभवाची खूण मानली जाऊ लागली होती. वेल्समधील घरांत ती क्वचितच आढळते. एरियीरीच्या डोंगरपायथ्याशी एका खासगी गृहस्थाने ती आपल्या घरावर चढवावी, यात बांधकामाच्या गरजेचा भाग अल्पच. तीन खणांचे दालन याहून साध्या कैच्यांवरही सुखाने उभे राहिले असते. दालनाच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारे आणि त्यांना जोडणारी आडवी वाट आहे, तिच्या पलीकडे पेयांची व अन्नाची कोठारे. दुसऱ्या टोकाला मालकाच्या खासगी खोल्या. दोन्ही टोकांना लाकडी फळ्यांच्या घडीव भिंती आहेत, आणि विस्तवाची जागा बाजूच्या दगडी भिंतीतच केलेली आहे. येथे धूर माणसांच्या डोळ्यांत जात नसे, हा त्या काळी मोठाच विलास होता.

सर्वांनाच तो परवडत नसे. डेन्बीशायरमधील लानगनहावल येथून सुटे करून आणलेले आणि कार्डिफनजीक सेंट फॅगन्स येथील लोकजीवन संग्रहालयात 1962 पासून उभे असलेले हेन्द्रेर-इविद इखाव हे घर पाहिले, की दालनघराचे दुसरे, अधिक प्रचलित रूप दिसते. त्याची झाडे 1508 साली तोडलेली आहेत. पाच खणांची लांबट वास्तू, कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेले छप्पर, लाकडी गज असलेल्या बिनकाचेच्या खिडक्या, आणि खालच्या टोकाला गुरांची जागा. येथे भार पेलतात त्या वक्र खांबांच्या जोड्या. नैसर्गिक बाक असलेला ओक निवडून त्याला उभा चिरायचा, म्हणजे त्याच्या दोन्ही फाकी एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या निघतात. त्या जमिनीवर आडव्या मांडून आढ्यापाशी एकत्र आणायच्या, मध्ये आडवे बंध घालायचे, एका लाकडाच्या खोबणीत दुसऱ्याचे टोक बसवून ओकच्याच खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांची खूण कोरायची, म्हणजे सोडवून पुन्हा जोडताना घोटाळा होत नाही. आणि अखेरीस गावातली माणसे जमवून, दोर आणि बांबूऐवजी तेथे मिळणारे लांब वासे लावून, ती संपूर्ण जोडी एका दमात उभी करायची. भिंतींना यात काहीच काम नसते. त्या पाडून टाकल्या तरी छप्पर जागचे हलत नाही. पुढे अनेक घरांच्या कुडाच्या जागी दगड आले आणि आतले ओक मात्र तसेच राहिले, त्याचे रहस्य हेच.

या मांडणीत मध्यवर्ती दालन दोन खणांचे असले, तर त्या दोन खणांच्या मधली कैची ऐन आगटीच्या वर येते आणि तिच्याखाली खांब येऊन चालत नाही. म्हणून सुतार आपली सारी कारागिरी तेथेच ओततो: बंधांना कमानी, कमानींना पाकळ्यांसारख्या खाचा, वाऱ्याचे तिरके हातही नक्षीदार. आगटीचा धूर वर जाऊन याच नक्षीत रेंगाळे आणि छपरातल्या झरोक्यातून सावकाश बाहेर पडे. ज्यांनी कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघराचे चुलीवरचे वासे पाहिले असतील, त्यांना त्या काळ्या, चकचकीत, हाताला किंचित चिकट लागणाऱ्या लाकडाचे वेगळे वर्णन नको. दालनघरांच्या अभ्यासकाला ही काजळी सनदेपेक्षा मोलाची वाटते. ज्या घराच्या माळ्यावर, मागाहून घातलेल्या तख्तपोशीच्या वर, बॅटरी घेऊन सरपटत गेले असता काजळलेली कैची दिसते, ते घर एकेकाळी आढ्यापर्यंत मोकळे दालन होते आणि त्याच्या मधोमध उघडी आगटी पेटत होती, हे निर्विवाद ठरते. काजळी एका बाजूलाच असेल, तर मधली भिंत मूळची आहे. दोन्ही बाजूंना असेल, तर ती मागाहूनची.

दर्जाची वाटणी या दालनाच्या जमिनीतच केलेली असे. डोंगरउतारावर घर बांधताना ते उताराला आडवे न ठेवता उताराच्या दिशेने ठेवीत. वरच्या बाजूला जमीन खणून, खालच्या बाजूला भर घालून सपाट जोते तयार करीत, आणि बहुधा डोंगराकडचे टोक मालकाचे, दरीकडचे टोक गुरांचे अथवा कोठारांचे. शेणपाणी खाली वाहून जावे, ही व्यवहारबुद्धी त्यात होतीच. परंतु तेवढीच नव्हती. वरच्या टोकाच्या भिंतीला लागून पक्के बाक, त्यापुढे मालकाचे मेज, कित्येक ठिकाणी मेजामागच्या लाकडी भिंतीवरून पुढे झुकणारे छत्र. आणि दार खालच्या टोकाला, म्हणजे आत येणारा प्रत्येक मनुष्य आधी खालच्या भागात पाऊल ठेवतो, आगटीपलीकडे, धुरापलीकडे, प्रकाशाच्या टप्प्यात बसलेला यजमान त्याला समोर दिसतो, आणि आपण कोठपर्यंत जायचे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. काही श्रीमंत घरांत खालच्या टोकाशी भिंतीलगत दोन खांब रोवून मध्येच एक भव्य चौकट उभारीत, तिच्यातून दालनात प्रवेश होई. पुल्हेलीजवळच्या पेनार्थ वाउर येथे अशी चौकट आजही पाहता येते. कायद्याच्या पोथीतील वरचा आणि खालचा भाग, दहा आसने आणि चार आसने, हे सारे येथे ओकमध्ये उतरलेले आहे.

या रंगभूमीला प्रेक्षक हवे असत, आणि बोलका प्रेक्षक म्हणजे कवी. नाताळ, ईस्टर आणि पेंटेकोस्ट या मोठ्या सणांना व्यावसायिक कवी उमरावांच्या घरांचे फेरे करीत. यजमानाचे कुळ, त्याचे शौर्य आणि त्याहूनही अधिक त्याच्या घराचे उघडे दार, मेजावरचे मांस, मद्य, छताची उंची, यांचे छंदोबद्ध गुणगान करीत आणि त्याबद्दल बिदागी घेत. पंधराव्या शतकातील थोर कवी गिटोर ग्लिन याने कोख्विलनच्या विल्यमचीही स्तुती गायिली आहे. अशा काव्याला भाटगिरी म्हणून नाके मुरडणारे टीकाकार आहेत. मला ते पटत नाही. स्तुती करताना कवी यजमानाला त्याच्या कर्तव्याची यादीच वाचून दाखवीत असे. ज्या घराचे दार उघडे असल्याचे दहा गावांत गायिले गेले, ते बंद करणे यजमानाला सोपे राहत नसे.

ते दार पुढे बंद झाले. पण भांडून नव्हे, हळूहळू, आणि सुखसोयीच्या नावाने. 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आणला. न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली, समान वाटणीचा दंडक रद्द होऊन थोरल्याचा वारसा आला, आणि कोख्विलनसारख्या घराण्यांतील माणसे दंडाधिकारी होऊन, बापाचे नाव जोडण्याची रीत टाकून, कायम आडनावे लावू लागली. कोख्विलनकर 'विल्यम्स' झाले. याच काळात दालनात दोन बदल घुसले. आगटीच्या जागी भिंतीत अथवा मधोमध दगडी धुराडे आले, आणि धूर कोंडला गेल्यामुळे वरची पोकळी मोकळी झाली, तेव्हा तिच्यात तुळया टाकून पाटई घातली गेली. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर निजण्याच्या खोल्या. मालकाची मंडळी वरच्या खोल्यांत वेगळी राहू लागली, गडीमाणसे वेगळी जेवू लागली. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील पाद्री विल्यम हॅरिसन याने 1577 साली लिहून ठेवले आहे, की आपल्या गावचे म्हातारे ज्या बदलांनी चकित झाले आहेत त्यांत धुराड्यांची वाढती संख्या हा एक आहे. धुरामुळे लाकूड टणक होई आणि माणसे निरोगी राहत, असाही त्याचा एक खुसखुशीत दावा आहे. वेल्सच्या डोंगरांत धुराडी थोडी उशिरा पोचली, इतकेच. आणि 1550 नंतर तेथे नव्याने बांधलेली घरे तर मुळातच दुमजली, टोकाच्या भिंतीत धुराडे असलेली अशी उभी राहू लागली.

कोख्विलनचे पुढे काय झाले, ही कथा थोडी वेगळी आहे. मिळकत विल्यम्स घराण्याच्या हातून गेली, आणि सतराव्या शतकात त्याच वंशातल्या एका विलक्षण पुरुषाने ती परत विकत घेतली. हा जॉन विल्यम्स, 1582 साली कॉन्वी येथे जन्मलेला. फ्रान्सिस बेकनच्या पतनानंतर 1621 साली तो राज्याचा मुद्राधिकारी झाला, 1641 साली यॉर्कचा आर्चबिशप झाला, यादवी युद्धात स्वखर्चाने कॉन्वीचा किल्ला दुरुस्त करून राजासाठी राखला, आणि राजाच्याच सेनापतीने तो आपल्याकडून काढून घेतल्याच्या रागात 1646 साली पार्लमेंटच्या सैन्याला तो घेण्यास साह्य केले. 1650 साली तो वारला; लान्दिगायच्या देवळात त्याचे स्मारक आहे. त्याने पेनरिनही घेतले होते, त्यामुळे दोन भावांची दोन घरे पुन्हा एका मालकीची झाली. पुढच्या शतकात ती मिळकत पेनंट घराण्याकडे गेली. जमैकातील ऊसमळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा, आणि घराशेजारच्या डोंगरातील पाटीच्या दगडाचा पैसा या घराण्याजवळ अमाप होता. त्यांनी एकोणिसाव्या शतकात टॉमस हॉपर या वास्तुशिल्पीकडून पेनरिनला एक प्रचंड कृत्रिम नॉर्मन दुर्ग उभारून घेतला, आणि ग्विलिमचे मध्ययुगीन दालन त्या दुर्गाच्या पोटात विरून गेले. कोख्विलनकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. ते धान्याचे कोठार झाले. हॅमरबीमच्या कैच्यांखाली गंजी रचल्या गेल्या, आणि म्हणूनच कैच्या वाचल्या. 1969 ते 1971 या काळात त्यांचा जीर्णोद्धार झाला आणि तेथे पुन्हा माणसे राहू लागली. माँटगोमेरीशायरमधील कासल काइराइन्यन येथील टी माउर, 1460 च्या सुमाराचे, खांबांच्या ओळींवर उभारलेले दुर्मिळ दालन, तेही असेच शेतावरच्या अडगळीच्या इमारतीत दडून राहिले होते. 1971 साली वेल्सच्या शाही स्मारक आयोगाच्या पाहणीकारांनी ते ओळखले, आणि शतकाच्या अखेरीस ते दुरुस्त झाले.

जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे एक प्रश्न असतो, आणि तो माझ्या मते अजून नीट सुटलेला नाही. पेनार्थ वाउरचे दालन 1937 साली दुरुस्त करताना मागाहून घातलेली पाटई काढून टाकून ते पुन्हा आढ्यापर्यंत मोकळे करण्यात आले. चौकट दिसू लागली, कैच्या दिसू लागल्या, आणि प्रेक्षक त्याबद्दल कृतज्ञ आहेत. पण पाटईखाली त्या घरात जितकी वर्षे माणसे राहिली, तितकी मोकळ्या दालनात राहिली नव्हती. योर्वर्थ पीट यांनी 1940 साली वेल्सच्या घरांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे सेंट फॅगन्सचे संग्रहालय उभे केले, तेव्हा त्यांच्या मनात साध्या कष्टकऱ्याच्या संस्कृतीचे चित्र होते. पीटर स्मिथ यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात गावोगावच्या घरांची मोजणी व नकाशे देऊन, ही घरे कोणत्या थरातली हे पुष्कळसे स्पष्ट केले. हेन्द्रेर-इविद इखावच्या पाच खणांत ओकच्या इतक्या जोड्या घालणारा 1508 मधला गृहस्थ कष्टकरी असेल, पण गरीब नव्हता. गरिबाच्या घरात चिरलेले ओक नव्हते, त्यामुळे वलये मोजण्यासारखे काही उरले नाही, आणि संग्रहालयात आणून जोडण्यासारखेही.